मांदे? : स्पॅनिश शिकताना मध्ये इंग्रजी कशाला?

उद्यमबागवाला | रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आमचं युनिट, म्हणजे कारखाना, बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत. दीड वर्ष झालं, मेक्सिकोतल्या मोंतेर्रे शहरातलं एक गिऱ्हाईक लागलंय. त्यांच्या सकाळी नऊला आमच्याकडं रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. म्हणजे पोरं जेवायला बसलेली आणि मी फोन घेऊन गच्चीवर. मेल इंग्रजीत चालतात. पण तिकडचा स्टोअरचा माणूस फोनवर स्पॅनिशच बोलतो, म्हणून शिकायला घेतलो.

पहिल्याच फोनला मी काहीतरी बोललो आणि पलीकडनं आवाज आला, "मांदे?" मी परत बोललो. परत "मांदे?" मला वाटलं ह्याला बेळगावचे मांडे कसे माहीत! नंतर कळलं, मेक्सिकोत समोरच्याचं ऐकू आलं नाही की अदबीनं "मांदे?" म्हणतात. आपण "काय म्हणालात?" म्हणतो तसं.

आता मुद्द्याचं. शिकायचं ॲप इंग्रजीतलं. "मे गुस्ता" आलं की ते सांगतं, हे फार विचित्र, इथं आवडणारी वस्तूच कर्ता होते, नीट लक्षात ठेवा. मी म्हटलं, विचित्र कसलं? मे गुस्ता एल मांगो, मला आंबा आवडतो. मे गुस्तान लोस मांगोस, मला आंबे आवडतात. आंबे अनेक झाले की क्रियापद अनेक. तंतोतंत आपलंच की हे! मी स्पॅनिशचं इंग्रजी करायचो आणि इंग्रजीचं मराठी. खानापूरला जायला गोव्यावरनं वळसा.

तेव्हापासनं वहीत इंग्रजीचा रकाना काढून टाकलो. तुमच्यापैकी कोणी शिकत असेल तर असे जुळणारे वाक्प्रयोग इथं टाका.

खानापूरचं पोरगं | रात्री १०:३१

दादा, मी इंजिनिअरिंगला आहे, तीन महिने झाले शिकायलोय. तुमचं वाचून लगेच एक सापडलं. मे द्वेले ला काबेसा, माझं डोकं दुखतंय. दुखण्याचं काम डोकं करतंय, मी नुसता बसलोय.

आणि "तीन वर्षं झाली मी इथं राहतोय" हे तर शब्दाला शब्द आहे. आसे त्रेस आन्योस के बीबो आकी. राहणं वर्तमानकाळातच. इंग्रजीत ह्यालाच तीन-तीन क्रियापदांची माळ लावतात, त्यात माझे शाळेत कायम मार्क जायचे.

निपाणीची सून | रात्री १०:५०

चांगला धागा. मी पुण्यात असताना स्पॅनिश शिकले, बी २ पर्यंत (सहातल्या चौथ्या पायरीपर्यंत) परीक्षा दिली, आता निपाणीत घरून भाषांतराची कामं करते. उद्यमबागवाले दादा, तुमचं म्हणणं मला अनुभवानं पटतं. फक्त एकट्या "आवडतं"वर थांबू नका, ते सगळ्यांना दिसतं. खरी गंमत पुढे आहे.

मराठीत आपण एका क्रियापदाला दुसरं जोडतो ना? करत राहिला, सांगत सुटला, रडायला लागला, लिहून ठेवलं. ही दुसरी क्रियापदं काढली तर मराठी बोलताच येणार नाही. स्पॅनिशचंही तसंच आहे.

सीगो एस्पेरांदो : वाट बघत राहिलोय. (सेगीर, म्हणजे मागोमाग जाणं.)
आंदा दिसिएन्दो : सांगत फिरतोय. (आंदार म्हणजे चालणं. "आंदा दिसिएन्दो के..." म्हटलं की गल्लीभर चहाड्या करत हिंडणारा माणूस डोळ्यांसमोर येतो.)
बा मेखोरांदो : सुधारत चाललंय. बा म्हणजे "जातो".
बिएने दिसिएन्दो लो मिस्मो : तेच ते सांगत आलाय. बिएने म्हणजे "येतो".

शेवटची दोन परत बघा. पुढे होत जाणारं असेल तर "जाणं", मागून आजपर्यंत चालत आलेलं असेल तर "येणं". आपण नेमकं हेच करतो, आणि का करतो हे कोणी शिकवलेलं नसतं. वर्गात बाकीचे ह्याचे तक्ते पाठ करत होते तेव्हा मला नुसतं ऐकून कळत होतं. बाकी विषयांत मी काही फार हुशार नव्हते, हे सांगून ठेवते.

"लिहून ठेवलं"ला देखार. लो देखे एस्क्रीतो. देखार म्हणजे सोडणं, ठेवून जाणं. पण देखारला "दे" जोडून पुढे मूळ क्रियापद आलं की अर्थ बदलतो : देखार दे फुमार, म्हणजे सिगरेट सोडणं. तसंच आकाबार दे. आकाबो दे कोमेर म्हणजे "आत्ताच जेवून उठलोय". शब्दशः "जेवण संपवतो" असं दिसतं, त्याला फसू नका.

कुरकुऱ्या | रात्री ११:०४

जुळतंय तेवढंच उचलायचं आणि न जुळणारं झाकायचं, असं चाललंय हे. भूक लागली हे स्पॅनिशमध्ये काय आहे? तेंगो आंब्रे. "मी भूक बाळगतो." तहान, झोप, घाई, भीती, थंडी, सगळं "बाळगतो". मराठीत बाळगायला क्रियापदच धड नाही. माझ्याकडे गाडी आहे, मला दोन भाऊ आहेत, माझ्याजवळ पैसे आहेत. तेनेर (तेंगोचं मूळ रूप) हे एकटं क्रियापद ही सगळी कामं करतं. इथं तुमची मराठी काय उपयोगाची? उलट आडवी येईल.

उद्यमबागवाला | रात्री ११:१५

आली की आडवी. खोटं कशाला बोलू. सहा महिने मी "मे तेंगो आंब्रे" म्हणत होतो, "मला" डोक्यातनं जातच नव्हता. पलीकडच्याला कळायचं, पण एक दिवस हसला आणि सांगितला, मे नको, नुसतं तेंगो आंब्रे.

आता मी वहीत तेनेरसाठी वेगळं पान केलोय. तेंगो सेद (तहान), तेंगो स्वेन्यो (झोप), तेंगो प्रीसा (घाई), तेंगो मिएदो (भीती). तेंगो के लावलं की "मला पायजे" : तेंगो के ईर, मला जायला पायजे. आणि कोणीही असो, करायलाच पायजे असं असेल तर आय के. आय के पागार, पैसे द्यायला पायजेत.

चोर्ल्याचा ड्रायव्हर | रात्री ११:४०

पागार वरनं आठवलं. मी बेळगाव-पणजी गाडी मारतो, आठवड्यातनं चार फेऱ्या. पाव्हणे कुठलेही असतात. स्पेनची एक बाई मला विचारली "क्वांतो तेंगो के पागार?" मी फक्त पगार एवढं ऐकलो आणि माझा महिन्याचा पगार सांगून मोकळा! तिनं डोळे मोठे केले. एका फेरीचे एवढे?

गोव्यामुळं पोर्तुगीजचे शब्द आपल्याकडं आलेत आणि पोर्तुगीज-स्पॅनिश सख्ख्या बहिणी. पगार त्यातलाच. मेज म्हणजे मेसा, पाव म्हणजे पान, चावी म्हणजे याबे (पोर्तुगीजला शावे), पाद्री म्हणजे पाद्रे. बटाट्याला पातात, नाहीतर पापा. शाळा आठवीपर्यंत, पण एवढे शब्द घाट चढता चढता फुकट मिळाले.

निपाणीची सून | रात्री ११:५२

दादा, "पातात" नव्हे, पाताता. स्पेनमध्ये पाताता, लॅटिन अमेरिकेत पापा. बाकी सगळं पक्कं. पगाराच्या किश्श्यावर इथं घरात सगळे हसले.

हुक्केरी मास्तर | सकाळी ६:२०

मी निवृत्त मराठी शिक्षक. स्पॅनिश येत नाही, पण काल रात्री नातवानं हा धागा वाचून दाखवला आणि मला झोप लागली नाही. दोन शंका आहेत.

एक. आपल्या बेळगाव भागात "मी भाकरी खाल्लो, मी काम केलो" म्हणतात. प्रमाण मराठीत "मी भाकरी खाल्ली", म्हणजे क्रियापद कर्माच्या मागे जातं, कर्मणी प्रयोग. आयुष्यभर मी मुलांच्या वह्यांत हे लाल शाईनं दुरुस्त केलं. वर उद्यमबागवाल्यांनीही "काढून टाकलो" लिहिलंय, माझा हात शिवशिवला. स्पॅनिशमध्ये भूतकाळात क्रियापद कोणाच्या मागे जातं?

दोन. नातू म्हणतो, त्यात इच्छा दाखवायला क्रियापदाचं वेगळं रूप आहे आणि ते सगळ्यांत अवघड. तो आपला विध्यर्थ तर नव्हे?

निपाणीची सून | सकाळी ७:०५

गुरुजी, नमस्कार. दोन्ही शंका लाखमोलाच्या आहेत.

स्पॅनिशमध्ये क्रियापद खाणाऱ्याच्याच मागे जातं. भाकरी एक असो की दहा, "मी खाल्लं"ला कोमी. म्हणजे तुमच्या लाल शाईतलं "मी खाल्लो" स्पॅनिशच्या जास्त जवळचं. पुण्यात मला "मी केलो"वरून मैत्रिणींनी पहिलं वर्षभर छळलं होतं. कोमी, आब्ले, एस्क्रीबी (खाल्लो, बोललो, लिहिलो) शिकताना त्या अडखळत होत्या आणि मी नाही, एवढंच सांगते.

विध्यर्थाचं अगदी बरोबर. किएरो के बेंगास : तू यावंस असं मला वाटतं. "यावंस"मधला तो स जसा "तू"चा, तसाच बेंगासमधला स. आशीर्वाद असेल तर आपण "पडो, होवो, मिळो" म्हणतो, तिथंही तेच रूप. ओखाला युएबा : पाऊस पडो. हे ओखाला अरबीतून आलंय, अल्लाची इच्छा असेल तर, अशा अर्थाचं. आठेकशे वर्षं स्पेनच्या कुठल्या ना कुठल्या भागावर मुस्लिम सत्ता होती, त्या काळातला हा शब्द. आता चर्चला जाणारी आजीसुद्धा सहज म्हणते.

इंग्रजी बोलणाऱ्यांना हे रूप अवघड जातं, कारण त्यांच्याकडे ते जवळजवळ झिजून गेलंय. आपल्याकडे रोज चालतं. "पाहुण्यांनी यावं, जेवावं."

हुक्केरी मास्तर | सकाळी ७:३०

लाल शाईबद्दल माझ्या जुन्या विद्यार्थ्यांची माफी मागत नाही. परीक्षा मराठीची होती.

खानापूरचं पोरगं | सकाळी ८:१०

गुरुजी, तुमच्याच मापाचं एक आहे. स्पॅनिशमध्ये माणूस कर्म असला की आधी "आ" लावतात, वस्तू असली की नाही. ॲपमध्ये ह्याला भलं मोठं नाव दिलंय आणि खाली शंभर जणांनी "हे का?" म्हणून विचारलंय. पण आपण "घर बघितलं" म्हणतो आणि "राजूला बघितलं" म्हणतो. आ म्हणजे ला.

अजून भारी म्हणजे, बुस्को उन मेदिको आणि बुस्को आ उन मेदिको. पहिल्यात "डॉक्टर शोधतोय", कुठलाही चालेल. दुसऱ्यात "एका डॉक्टरला शोधतोय", ठरावीक माणूस डोक्यात आहे. फरकसुद्धा तोच!

कुरकुऱ्या | सकाळी ९:२५

हे मानलं. विध्यर्थही मानला. आता सेर आणि एस्तार घ्या. दोन्हींचा अर्थ "असणं". मराठीत दोन्हीकडे "आहे". एकानं सांगितलं, कायमचं असेल तर सेर आणि तात्पुरतं असेल तर एस्तार. मग मेलेला माणूस? एस्ता म्वेर्तो. मरण तात्पुरतं कधी झालं? इथं मराठी हात टेकते. बोला.

उद्यमबागवाला | सकाळी ९:४०

मी "आहे" आणि "असतो" असं करून बघितलो होतो. सेर म्हणजे असतो, एस्तार म्हणजे आहे.

निपाणीची सून | सकाळी ९:४८

नाही दादा, ते चालणार नाही. "तो डॉक्टर असतो" असं आपण म्हणतच नाही. असतो हे सवयीचं आहे. इथं मी कुरकुऱ्यांच्या बाजूनं. मी हे नुसतं रट्टा मारून शिकले.

गोकाकचा कर्दंट | दुपारी १:१५

जेवणाच्या सुट्टीत वाचायलोय. मराठी हात टेकली म्हणून काय झालं? घरात दुसरी भाषा आहे की! आमच्या घरी आई कानडी, वडील मराठी.

कानडीत "तो डॉक्टर आहे" कसं म्हणता? अवनु डॉक्टर. संपलं. "आहे" लागतच नाही. "तो चांगला माणूस आहे" : अवनु ओळ्ळेयवनु. इथंही नाही. आता "तो घरी आहे" : अवनु मनेयल्लि इद्दाने. "तो बरा आहे, ठीक आहे" : अवनु चेन्नागिद्दाने. इथं इद्दाने आलंच पाहिजे.

जिथं कानडी "इद्दाने" मागत नाही तिथं सेर, जिथं मागते तिथं एस्तार. एस मेदिको, एस ब्वेनो. एस्ता एन कासा, एस्ता बिएन.

आणि कुरकुऱ्या अण्णा, तुमचा मेलेला माणूस : सत्तिद्दाने. मेल्यावरसुद्धा इद्दाने सुटत नाही. एस्ता म्वेर्तो.

कुरकुऱ्या | दुपारी १:२२

बसलो मी खाली.

निपाणीची सून | दुपारी १:४०

मी हे दोनदा वाचलं, मग माझ्या जुन्या वहीतली वाक्यं काढून एकेक लावून बघितली. बहुतेक बसतात! दोन ठिकाणी जपून. समारंभ कुठे आहे हे सांगताना ठिकाण असूनही सेर लागतं : ला बोदा एस एन खानापूर, लग्न खानापुरात आहे. मांडव कुठे उभा आहे हे सांगायचं असेल तर मात्र एस्ता. आणि एकच विशेषण दोघांबरोबर अर्थ बदलतं : एस लीस्तो म्हणजे हुशार, एस्ता लीस्तो म्हणजे तयार. एस आबुर्रीदो, कंटाळवाणा. एस्ता आबुर्रीदो, कंटाळलेला.

शाळेत कानडीची सक्ती म्हणून आम्ही किती कुरकुर केली होती. आणि वर्गात ती कोणाच्या डोक्यातही आली नाही.

खानापूरचं पोरगं | दुपारी ४:३०

आता म्हणींकडं या की कोणीतरी. मला सापडलेलं पहिलं आमच्या गावचंच : योबेर आ कांतारोस, घागरींनी पाऊस पडणं. कांतारो म्हणजे मातीची घागर. कणकुंबी-जांबोटीकडं जुलैत येऊन बघा, आणि घागरी पाहिजेत तर खानापूरचे कुंभार आहेतच.

निपाणीची सून | संध्याकाळी ६:१०

घ्या. पण म्हणींच्या बाबतीत एक सांगते, सगळ्या जुळवत बसू नका. जुळतात त्या आपोआप लक्षात राहतात. मातार दोस पाखारोस दे उन तीरो, एका दगडात दोन पक्षी (त्यांचा बंदुकीचा बार). एन्त्रे ला एस्पादा इ ला पारेद, एकीकडे तलवार दुसरीकडे भिंत, म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. आसेर ला बिस्ता गोर्दा, "नजर जाडी करणं", म्हणजे काणाडोळा.

जवळ येऊन चकवतात त्या जास्त धोक्याच्या. आपण म्हणतो जिभेला हाड नाही, म्हणजे वाट्टेल ते बरळणारा. ते म्हणतात जिभेवर केस नाहीत, नो तेनेर पेलोस एन ला लेंग्वा. तो मात्र स्पष्टवक्ता, तोंडावर खरं सांगणारा. पहिली शिवी, दुसरं बरेचदा कौतुक. आणि तोमार एल पेलो, "केस घेणं", म्हणजे थट्टा करणं, फिरकी घेणं. कोणाला केसानं गळा कापल्यासारखं वाटेल, तसं काही नाही.

माझी सगळ्यांत लाडकी : दार कालाबासास. भोपळे देणं. प्रेमात नकार दिला की "तिनं त्याला भोपळे दिले". परीक्षेत नापास केलं तरी भोपळेच. आपल्याकडे परीक्षेत भोपळा मिळतोच, फक्त प्रेमात नकार आला की नारळ मिळतो असं म्हणतात बहुतेक.

गोकाकचा कर्दंट | संध्याकाळी ६:३०

नारळ नोकरीतनं काढताना देतात अक्का.

चोर्ल्याचा ड्रायव्हर | संध्याकाळी ७:००

मला भोपळापण मिळालाय आणि नारळपण.

उद्यमबागवाला | संध्याकाळी ७:२०

कारखान्यात लागणारी मी सांगतो. से मे कायो. "पडला माझ्या हातनं." पाडला नव्हे, पडला! आपल्याकडचा कामगार कधी म्हणतो का, मी पाडलो म्हणून? "साहेब, हातनं पडला की." तिकडंही तेच. से मे ओल्बिदो, ध्यानातनं गेलं. से मे रोम्पिओ, माझ्याकडनं मोडलं. चूक झाली आहे, पण करणारा कोणीच नाही. मोंतेर्रे आणि उद्यमबाग ह्या बाबतीत एकाच आईची लेकरं.

पोनेर्से लास पीलास म्हणजे "(बॅटरीचे) सेल घालणं", झटून कामाला लागणं. हे मी आमच्या पोरांना मराठीतनंच म्हणायला लागलोय : सेल घाला की रे. त्यांना अजून कळलेलं नाही हे कुठनं आलं.

आणि एक सावधान. तिकडचा माणूस ड्रॉइंग पाठवतो म्हणाला, "आओरीता." शब्दकोश बघितलो : आत्ता. रात्री साडेअकरापर्यंत जागलो. ड्रॉइंग आलं तिसऱ्या दिवशी. मेक्सिकोचं आओरीता म्हणजे आपलं "आलोच की!"

निपाणीची सून | रात्री ८:०५

चुकायच्या जागा सांगून ठेवते, लाज वाटायच्या आत. एखादा माणूस चांगला वाटतो म्हणताना "मे गुस्तास" म्हणू नका, ते प्रेमाची कबुली दिल्यासारखं होतं. "मे काएस बिएन" म्हणा. उकडत असेल तर "तेंगो कालोर". "एस्तोय कालिएन्ते" चुकूनही नको, भलताच अर्थ होतो. कोखेर हे क्रियापद स्पेनमध्ये "घेणं, पकडणं" म्हणून दिवसभर चालतं, बस पकडायलासुद्धा. मेक्सिको-अर्जेंटिनात ते अश्लील आहे, तिथं तोमार वापरा. आठवण येते हे स्पेनमध्ये एचार दे मेनोस, तिकडे एक्स्त्रान्यार.

खानापूरचं पोरगं | रात्री ८:१५

ताई, परीक्षा कुठली द्यावी?

निपाणीची सून | रात्री ८:२२

देले. इन्स्तितुतो सेर्वान्तेस ह्या स्पेन सरकारच्या संस्थेची, ए १ ते सी २ अशा सहा पायऱ्या, प्रमाणपत्राला मुदत नाही. पण घाई करू नकोस, आधी बोलायला लाग.

गोकाकचा कर्दंट | रात्री ८:२६

एक राहिलंच. आपण वाक्याला "की" लावतो ना, हो की, नाही की? स्पॅनिश मालिकांत मी सारखं ऐकतो, "के सी! के नो!" भांडणात जोर देऊन "हो म्हटलं ना!" पहिल्यांदा ऐकलो तेव्हा वाटलं बेळगावचं कोण शिरलं ह्यांच्यात.

उद्यमबागवाला | रात्री ८:२९

के सी! एका मिनिटात मोंतेर्रेचा फोन येईल. आज त्याला सांगणार आहे की तुझ्या "मांदे?"मुळं मला बेळगावचे मांडे आठवले होते. दिवाळीला एक डबा पाठवायचा विचार आहे.

हुक्केरी मास्तर | रात्री ८:४०

मांडे पाठवू नका हो. मोंतेर्रेला पोचेपर्यंत भुगा होईल, आणि कुरिअरवाला म्हणेल ते काय ते, से मे रोम्पिएरोन. ती गोकाकची सुक्यामेव्याची वडी, कर्दंट पाठवा.